गच्चीवरच्या बागेसाठी पाईप घेताना

नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर भाजीपाला लावला आहे: वांगी, मिरच्या, पालक, सांभार (कोथिंबीर), आणि मोठ्या ड्रमांत लिंबू व शेवगा. घर सासऱ्यांनी बांधलेलं, गच्चीला जुना लोखंडी कठडा. पाणी घालायला हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतो तो हिरवा पाईप. उन्हाळ्यात तोच पाईप कूलर भरायला आणि गाडी धुवायला वापरतात. सुट्टीत आलेला साडेचार वर्षांचा नातू त्याच्याखाली भिजतो आणि तहान लागली की तोंड लावून पाणीही पितो. दर उन्हाळ्यात पाईप कडक होऊन नळाजवळ तडकतो आणि नवा आणावा लागतो. मागच्या महिन्यात परदेशी असलेल्या मुलाने सांगितलं की असल्या पाईपांत शिसं असतं, आणि "पिण्याच्या पाण्यासाठी सुरक्षित" असं लिहिलेल्या एका आयात पाईपची लिंक पाठवली. किंमत पाच हजारांच्या वर. यजमान म्हणतात, झाडांना पाणी घालायला कोणी एवढे पैसे घालतं का? या वादात ताईंनी दोन आठवडे पालक तोडलेला नाही. त्या विचारतात: "पालक फेकून देऊ का? महागाचा पाईप घेऊ का? की बादलीनेच पाणी घालू? पण माझे गुडघे आता बादली उचलू देत नाहीत."

ताई, पालक फेकू नका. आज संध्याकाळीच तोडा, दोन-तीन पाण्यांतून नीट धुवा आणि भाजी करा. पाईपाचं सविस्तर बोलू, पण हे आधी सांगायला हवं होतं, कारण हाताने वाढवलेली भाजी भीतीपोटी जून होऊ देण्याचं दुःख मला कळतं आणि त्याची गरज नाही.

तुमचा मुलगा मात्र खोटं सांगत नाही. त्याच्या म्हणण्यातलं काय तुमच्या गच्चीला लागू पडतं आणि काय नाही, एवढंच वेगळं करायचं आहे.

पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक असतं. भिंतीतून जाणारा पाण्याचा कडक पाईप आणि तुमचा लवचीक हिरवा पाईप मुळात एकाच प्लास्टिकचे. मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यांमुळे, आणि त्यांतली बरीचशी थॅलेट नावाच्या गटातली असतात. ही द्रव्यं प्लास्टिकला पक्की जोडलेली नसतात, त्यामुळे ऊन आणि उष्णता लागली की हळूहळू बाहेर पडत राहतात. शिशाची वाट वेगळी आहे. पीव्हीसी तापवून साच्यातून काढताना ते विघटित होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालावा लागतो, आणि वर्षानुवर्षं शिशाची संयुगं हा त्यातला स्वस्त पर्याय होता. आता कॅल्शियम-झिंकचे पर्याय आहेत आणि चांगले कारखाने ते वापरतात. पण स्वस्त पाईपात पुष्कळदा भंगारातला माल वितळवून घातलेला असतो. जुन्या वायरींचं आवरण, जुने पाईप असं काहीही त्यात येतं आणि त्यांतलं शिसंही सोबत येतं. अमेरिकेत मिशिगनच्या इकॉलॉजी सेंटर या संस्थेने बागेच्या पाईपांच्या चाचण्या केल्या, तेव्हा पीव्हीसीच्या काही पाईपांत शिसं आणि थॅलेट सापडली. उन्हात ठेवलेल्या पाईपातल्या पाण्यातही त्यांचा अंश आढळला. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ साली पीव्हीसी पाईपांमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरबाबत नियम केले, पण त्यांचा रोख घरात-शेतात बसवायच्या कडक पाईपांवर आहे. किलोवर विकल्या जाणाऱ्या मऊ पाईपावर तो कशाचा बनला आहे हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण माझं सगळं उत्तर तिच्यावर उभं आहे. तुमचा पाईप दर उन्हाळ्यात कडक होतो आणि तडकतो, म्हणजे त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं निघून जाताहेत. त्यांतली काही हवेत जातात, काही पाण्यात. तुम्ही आणि तुमचे यजमान "टिकत नाही" म्हणून कुरकुरता आणि मुलगा "सुरक्षित नाही" म्हणून काळजी करतो, पण दोघांच्या तक्रारीचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे: पाण्याने भरलेला पाईप तापलेल्या गच्चीवर दिवसभर पडून राहणं. हे थांबलं तर साधा पाईपही जास्त टिकेल आणि पाण्यात नको ते कमी उतरेल. हे थांबलं नाही, तर पाच हजारांचा पाईपही लवकर म्हातारा होईल.

पालकाबद्दल मी एवढ्या खात्रीने का बोलते, तेही सांगते. शिसं मातीत पडलं की मातीच्या कणांना आणि सेंद्रिय पदार्थांना घट्ट चिकटून बसतं. मुळांतून पानांत चढणारा त्याचा भाग थोडाच असतो, आणि भरपूर कंपोस्ट असलेल्या, फार आम्ल नसलेल्या मातीत तो आणखी कमी होतो. पानांवर जे येतं ते मुख्यतः धुळीतून आणि उडालेल्या मातीतून, म्हणून धुण्याला महत्त्व. थॅलेटांचं मातीतले जीवाणू हळूहळू विघटन करतात. पाईपातून आलेल्या पाण्याने वाढलेली भाजी खाणं आणि पाईपाला तोंड लावून पाणी पिणं यांत फार मोठं अंतर आहे. तुम्ही घाबरलात भाजीला, आणि घाबरायला हवं होतं ते नातवाच्या त्या घोटाला.

भाजीतल्या शिशाचीच काळजी असेल तर तुमच्या पत्रातली दुसरी एक ओळ मला पाईपापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते: जुना लोखंडी कठडा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल छटांत, शिसं बऱ्याच जास्त प्रमाणात असू शकतं. असा रंग पोपडे होऊन कठड्याला टेकलेल्या कुंड्यांत पडत असेल, तर त्या पोपड्यांतून पाईपापेक्षा बरंच जास्त शिसं मातीत जाऊ शकतं. कुंड्या कठड्यापासून हातभर आत घ्या. रंग खरवडायचा असेल तर कोरडा घासू नका. खाली कापड अंथरून, ओला करून काढा, आणि त्या दिवशी नातवाला खाली ठेवा. हे काम पाईप बदलण्याच्या आधी केलं तरी चालेल.

आता नातू. लहान मुलांचं शरीर अन्नपाण्यातलं शिसं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषून घेऊ शकतं, आणि मुलांसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. पाईपात रात्रभर किंवा दुपारभर साचलेलं पाणी या मर्यादेत असेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. शिवाय त्याच्या ओठांना लागतं ते पाईपाचं टोक, आणि त्यावर पितळी तोटी असेल तर स्वस्त पितळेतही शिसं असतं. म्हणून पाईप कुठलाही आणा, अगदी मुलाने पाठवलेला आणलात तरी, त्यातून पाणी प्यायचं नाही हा नियम करा. मुलांना "नको" एवढंच सांगून भागत नाही, तहान तर लागणारच. गच्चीच्या दारात सावलीत छोटा माठ आणि तांब्या-भांडं ठेवा. पाणी हाताशी असलं की पाईपाची आठवण होत नाही.

आणि नागपूरच्या मे महिन्यात शिशाच्याही आधी दुसरा धोका उभा असतो, ज्याचा उल्लेख तुमच्या मुलाने केलेला नाही. उन्हात पडलेल्या पाईपातलं पाणी भाजण्याइतकं गरम होतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी उन्हाळ्यात, २०१६ साली, बागेच्या पाईपातल्या पहिल्या पाण्याने एका तान्ह्या बाळाचं अंग भाजलं होतं. तिथल्यासारख्या कडक उन्हात पाईपातलं पाणी ५५ ते ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. लहान मुलाची तर त्याहूनही लवकर. पारा ४५ च्या वर जातो अशा गावात तापलेल्या स्लॅबवरचा पाईप त्या मानाने फार मागे नसणार. नातवाच्या अंगावर पाईप धरण्याआधी पाणी तुमच्या मनगटावर घ्या, दर वेळी. तुमच्या मिरचीची कोवळी रोपं दुपारी पाणी घातल्यावर माना टाकत असतील, तर त्यालाही हेच पहिलं तापलेलं पाणी कारण असू शकतं.

म्हणून पहिलं पाणी वेगळं काढायची सवय लावा. किती, याचा हिशेब सोपा आहे. अर्धा इंची पाईपाच्या १५ मीटर लांबीत जवळपास दोन लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत सव्वाचार लिटर. म्हणजे नळ सोडल्यावर पहिली अर्धी बादली वेगळी भरू द्यायची, पाईपाचं टोक बादलीच्या वर धरून. ते पाणी फेकायचं नाही. थंड झाल्यावर शेवग्याला किंवा खाली अंगणात एखादं शोभेचं झाड असेल तर त्याला घाला, किंवा गच्ची धुवायला वापरा. आणि ते पहिलं पाणी बारीक फवाऱ्याने उडवू नका. कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जीवाणू वाढतात. २५ ते ४५ अंश हे तापमान त्यांना मानवतं आणि ते श्वासावाटे, तुषारांतून शरीरात जातात. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, पण घरात वयस्कर, दम्याची किंवा सिगारेट ओढणारी व्यक्ती असेल तर एवढी काळजी घेणं स्वस्त पडतं.

कूलरबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण विदर्भातल्या घरोघरी ही चूक दिसते. पाईपाचं टोक कूलरच्या टाकीत बुडवून ठेवायचं, नळ सोडायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचं. तुमचा गच्चीवरचा नळ थेट महापालिकेच्या लाईनवर असेल आणि त्याच वेळी पाणी गेलं, तर लाईनमध्ये उलटी ओढ तयार होते आणि कूलरच्या टाकीतलं शेवाळलेलं पाणी पाईपातून मागे तुमच्याच नळात, कधी शेजाऱ्यांच्याही नळात ओढलं जातं. जीवामृताच्या ड्रममध्ये किंवा कीडनाशकाच्या बादलीत टोक बुडवून ठेवलं तरी तेच. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं आणि जातं, त्यामुळे ही शक्यता रोजची आहे. पाईपाचं टोक पाण्याच्या पातळीच्या चार बोटं वर बांधून ठेवा, हा सगळ्यांत भरवशाचा उपाय. नळाला पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतो, प्लंबर पाच मिनिटांत बसवून देईल, पण तो असला तरी टोक वरच ठेवा. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायला विसरू नका, डेंगीचे डास तिथेच वाढतात.

आता खरेदी. दुकानात जाण्याआधी तुमच्या नळाला पाणी कुठून येतं ते बघा. पाईपाच्या जाहिरातीत अमुक इतका दाब सहन करतो असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि आपण त्यालाच मजबुती समजतो. टाकीतल्या पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो दाब मिळतो. तुमची टाकी जिन्याच्या खोलीवर असेल तर ती गच्चीपासून फार तर तीन मीटर उंच, म्हणजे दाब किलोच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. एवढ्या दाबाने कुठलाच पाईप फुटत नाही. प्रेशर पंप बसवलेला असेल तर गोष्ट वेगळी. टाकीवर चालणाऱ्या बागेला पाईपाची ताकद पुरेशी असतेच, कमी पडतो तो आतला व्यास. अर्धा इंचीच्या जागी पाऊण इंची घेतलात तर तेवढ्याच दाबावर आणि तेवढ्याच लांबीत अडीच-तीनपट पाणी येऊ शकतं. बाग लवकर आटोपते, उभं राहणं कमी होतं. तुमच्या गुडघ्यांसाठी महागड्या ब्रँडपेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे. तोटा एवढाच की पाऊण इंचीत साचलेलं पाणीही दुपटीने असतं, म्हणून पहिली अर्धी बादली काढायची.

लांबी मोजून घ्या. ३० मीटरचं बंडल स्वस्त पडतं म्हणून आणलं जातं आणि मग अर्धा पाईप कायम कोपऱ्यात तापत पडतो. नळापासून सर्वांत लांबच्या कुंडीपर्यंत सुतळीने मोजा, त्यात दोन मीटर मिळवा, बस.

कुठला घ्यायचा यात माझं मत स्पष्ट आहे: आतून नायलॉन किंवा पॉलिएस्टर धाग्याची जाळी असलेला, ज्याला दुकानात ब्रेडेड म्हणतात, असा अपारदर्शक पाईप, नव्या मालाचा. जाळीमुळे तो फुगत नाही आणि सहजासहजी मुरगळत नाही. पारदर्शक की रंगीत, याबद्दल मात्र थोडं सांगावं लागेल. पारदर्शक पाईपाचा फायदा असा की भंगारातला माल घालून इतका स्वच्छ पाईप काढणं अवघड जातं, म्हणून पारदर्शकपणा ही मालाच्या चांगलेपणाची बऱ्यापैकी खूण आहे. पण त्यातून उजेड आत जातो आणि नागपूरच्या उन्हात महिन्याभरात आतून शेवाळ धरतं. गच्चीसाठी मी अपारदर्शकच घेईन आणि मालाची पारख दुसऱ्या पद्धतीने करीन. पारदर्शक ब्रेडेड पाईप घरात, सावलीत, टाकी किंवा भांडी भरायला छान.

ती पारख अशी. टोक नव्याने कापून मागा आणि कापलेला भाग बघा. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी, मधे बुडबुडे, काळे-पांढरे कण नकोत. नाकाशी धरा. उग्र, डोक्यात जाणारा वास आला तर ठेवून द्या. जेवणाच्या ताटाएवढं वेटोळं करा, पाईप चपटा होऊन घडी पडत असेल तर घरी रोज पडेल. बोटांत दाबून सोडा, लगेच पूर्ववत व्हायला हवा. दाबलेल्या जागी पांढरी रेघ उमटली तर मालात भर म्हणून घातलेली चुनखडीची भुकटी फार असू शकते. आणि इथे एक गैरसमज सोडा: जड पाईप म्हणजे चांगला पाईप असं नाही. ही भुकटी प्लास्टिकपेक्षा कितीतरी जड असते, त्यामुळे किलोवर विकायच्या पाईपात ती घालणं विकणाऱ्याच्या फायद्याचं ठरतं. मीटरवर विकणारं दुकान मिळालं तर बरं. दुकानाबाहेर उन्हात टांगलेल्या बंडलातून घेऊ नका, आतलं मागा, कारण बाहेरच्याचं अर्धं आयुष्य तिथेच संपलेलं असतं.

"फूड ग्रेड" असं छापलेलं असेल तर कोणत्या मानकानुसार, ते विचारा. अन्न आणि पिण्याच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या पीव्हीसीसाठी भारतीय मानक आहे आयएस १०१५१. परदेशी मालावर एनएसएफ ६१ हे अमेरिकी मानक लिहिलेलं असेल तर तो पिण्याच्या पाण्याच्या संपर्कासाठी तपासलेला असतो. नुसता हिरव्या पानाचा शिक्का किंवा "इको" हा शब्द याला काही अर्थ नाही. दिसण्यावरून शिसं ओळखता येत नाही, हेही लक्षात असू द्या. अगदीच मनाला लागलं असेल तर पाईपात रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी पहिल्या पाण्याचा एक नमुना आणि थेट नळाचा एक नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला द्या, आणि फक्त शिशाची तपासणी सांगा. दोन आकडे शेजारी ठेवले की घरातला वाद आपोआप लहान होईल.

रबराचा पाईप, विशेषतः ईपीडीएम रबराचा, उन्हाला पीव्हीसीपेक्षा कितीतरी चांगला टिकतो, घडीही पडत नाही. पण तो जड असतो आणि तुम्हाला ओढावा लागेल, म्हणून तुमच्यासाठी मी तो सुचवत नाही. अंगणात, शेतघरी, तरुण हात असतील तिथे जरूर घ्यावा. आणखी एक प्रकार टीव्हीवरच्या जाहिरातींमुळे सगळ्यांना माहीत आहे, पाणी सोडलं की तिप्पट लांबणारा कापडी पाईप. आत रबराची पातळ नळी असते, ती उन्हात लवकर जाते. शिवाय तो लांबतो पाण्याच्या दाबाने, आणि टाकीच्या दाबावर नीट लांबतच नाही. तो घेऊ नका.

मुलाने पाठवलेल्या पाईपाबद्दल. वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण तो अमेरिकी असेल तर त्याच्या तोटीचे आटे आपल्या नळाच्या आट्यांना बसत नाहीत, दोन्हींची मापं वेगळी आहेत. ॲडॅप्टर शोधावा लागतो, नाहीतर गळती कायमची. आणि तुमच्या गच्चीवर पाईपातून कोणी पाणी पिणार नाही हे एकदा ठरलं, की पिण्याच्या पाण्यासाठीच्या पाईपाचे जादा पैसे कशासाठी, हा यजमानांचा प्रश्न रास्त ठरतो. उलट यजमानांनी हे मान्य करायला हवं की दर उन्हाळ्यात एक स्वस्त पाईप फेकणं हीसुद्धा बचत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांच्या पाईपांचे पैसे एकत्र केले तर चांगला ब्रेडेड पाईप येतो.

आणल्यावर तो टिकवायचा कसा, यात सगळी मेख आहे. तुमचा पाईप नळाजवळ तडकतो, कारण तिथे तो स्वतःच्या वजनाने रोज एकाच जागी मुरडतो. नळाला खाली वळणारा एल्बो लावा, म्हणजे पाईप सरळ खाली लोंबेल. तार पिळून बांधू नका, ती पाईप कापते. स्टीलची क्लिप लावा. तोंडाशी चीर पडली तर सबंध पाईप टाकायचा नसतो. वीतभर कापून पुन्हा क्लिप लावली की झालं. पाणी घालून झाल्यावर आधी नळ बंद करा, मग टोक खाली सोडून पाईप रिकामा होऊ द्या. ज्यांच्याकडे टोकाला स्प्रे गन आहे आणि प्रेशर पंपही आहे, ते बहुतेकदा गन बंद करतात आणि नळ तसाच चालू ठेवतात. दाबाखाली भरलेला पाईप उन्हात तापत राहतो आणि एक दिवस फुगून फुटतो. मला स्प्रे गन मुळातच पटत नाही. टाकीच्या दाबावर ती रडत चालते, आणि कुंडीला हवी असते ती संथ धार, झारीसारखी. टोकाला झारीचं तोंड मिळतं, ते लावा.

ठेवायचा सावलीत, जिन्याच्या खोलीत. खिळ्याला टांगू नका, तिथे घडी पडून कायमची खूण राहते. जुन्या गाडीची रिम भिंतीला लावून तिच्यावर गुंडाळता येतो, किंवा रिकाम्या टबमध्ये मोठी वेटोळी करून. गुडघ्यांमुळे वाकणं जड जात असेल तर रिम कमरेच्या उंचीवर लावून घ्या. पावसाळ्यात तुम्हाला पाईप लागणारच नाही. आतून कोरडा करून, दोन्ही तोंडं कापडाने बांधून आत ठेवा, नाहीतर त्यात गांधीलमाशा घर करतात आणि उंदीर कुरतडतात.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, बादलीकडे. बादली उचलू नका, गुडघे हे पाईपापेक्षा महाग आहेत. पण पाईपाला बादलीखेरीज आणखी एक पर्याय आहे, ठिबक. तुमच्या टाकीच्या तीन मीटर उंचीवर कुंड्यांसाठीचं छोटं ठिबक चालतं, १६ मिलिमीटरची काळी नळी आणि प्रत्येक कुंडीला थेंबथेंब पाणी सोडणारा एक ड्रिपर. ती काळी असते कारण काजळी मिसळल्याने प्लास्टिक उन्हात टिकतं आणि उजेड आत न गेल्याने शेवाळ धरत नाही. ठिबकाचे ड्रिपर नागपूरच्या क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने बुजतात, तेव्हा टाकीत बोअरचं पाणी असेल तर फिल्टर हवाच आणि महिन्यातून एकदा टोकं उघडून नळी धुवावी लागते. मोठे ड्रम, वांगी, मिरच्या ठिबकावर टाका. पालक आणि सांभाराचे उथळ ट्रे पाईपानेच भिजवा, तिथे ठिबक सारखं पोचत नाही. अशी वाटणी केली की पाईप दहा मीटरचाही पुरेल, हाताळायला हलका, आणि नातवाच्या हाती जाईल तेव्हा तुमच्या नजरेसमोर असेल.

मुलाला हे सगळं सांगताना एवढं नक्की सांगा की त्याच्या फोनमुळे पाईपातून पाणी पिणं बंद झालं. तो दूर आहे, आपल्या काळजीचा काही उपयोग झाला हे त्याला कळायला हवं. खर्चाचं बोलणं त्यानंतर करा.

राहिला जुना हिरवा पाईप. तो जाळू नका, कचऱ्याच्या ढिगातही जळू देऊ नका. पीव्हीसी जळताना आम्लाचा धूर आणि डायॉक्सिन निघतात. तडकलेला भाग कापून सुक्या कचऱ्यात द्या. उरलेला धड असेल तर गाडी आणि अंगण धुण्यापुरता खाली ठेवा, त्याच्या दोन्ही टोकांना लाल कापड बांधा म्हणजे वरच्या पाईपाशी गल्लत होणार नाही. आणि वीतभराचे चार-पाच तुकडे शेवग्याजवळ ठेवून द्या. वाऱ्यात झाड काठीला तारेने बांधाल तेव्हा तार त्या तुकड्यातून ओवा, साल कापली जाणार नाही.